लोकांचा विश्वास उडालेल्या राष्ट्राध्यक्षाने राजीनामा द्यावा का?

वाटाड्या

ऑक्टोबर 2025 मध्ये फ्रान्समध्ये जे झालं त्यावरून हा धागा काढतोय. पंतप्रधान लकोर्न्यू यांनी 5 तारखेला संध्याकाळी मंत्रिमंडळ जाहीर केलं, 6 तारखेला सकाळी राजीनामा दिला आणि 10 तारखेला राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी पुन्हा त्यांनाच नेमलं. त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये पंतप्रधान बार्निए पडले, सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधान बायरू पडले. त्याच ऑक्टोबरात एका जनमत चाचणीत मॅक्रॉन यांच्यावर विश्वास असणारे उरले 11 टक्के. विरोधक 'चालते व्हा' म्हणणारच. पण त्यांच्याच पहिल्या कारकिर्दीतले पंतप्रधान एदुआर फिलिपसुद्धा म्हणाले की अर्थसंकल्प मार्गी लावा आणि मुदतीआधी निवडणूक घ्या.

आपल्याकडे बहुमत गेलं की मुख्यमंत्री राज्यपालांकडे जातो, विषय संपतो. तिथे मात्र मुदत मे 2027 पर्यंत आहे म्हणून माणूस बसून राहू शकतो. अशाने राजीनामा द्यावा का? आणि दिलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून नक्की काय काय होतं? 'नैतिक जबाबदारी' एवढंच लिहून जाऊ नका, ते अग्रलेखात रोज वाचायला मिळतं.

---

कलमकसाई

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच दडलंय.

फ्रान्समध्ये अध्यक्षाचा राजीनामा कुणी मंजूर करावा लागत नाही. त्यांनी सांगितलं की संपलं. घटना परिषद पद रिक्त झाल्याचं जाहीर करते आणि सिनेटचे अध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष होतात (कलम 7). पहिली फेरी त्यानंतर किमान 20 आणि जास्तीत जास्त 35 दिवसांत, दुसरी फेरी पहिलीनंतर चौदाव्या दिवशी. म्हणजे सगळं मिळून फार तर सात आठवडे. 1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल 28 एप्रिलला राजीनामा देऊन गेले, पहिली फेरी 1 जूनला म्हणजे 34 व्या दिवशी झाली. 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष पाँपिदू 2 एप्रिलला पदावर असतानाच वारले, पहिली फेरी 5 मेला. दोन्ही वेळा मुदत जवळजवळ शेवटपर्यंत ताणली, आणि त्याला कारण आहे.

ते कारण म्हणजे सूचक. आपल्याकडे लोकसभेच्या अपक्षाला 10 सूचक लागतात. तिथे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला 500 लोकनियुक्त पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, त्या किमान 30 जिल्ह्यांतल्या हव्यात आणि एका जिल्ह्यातून 50 पेक्षा जास्त चालत नाहीत. सह्या करणारे बहुतेक लहान गावांचे महापौर, आपल्या भाषेत सरपंचच म्हणा. आता सही करणाऱ्या प्रत्येकाचं नाव प्रसिद्ध होतं, त्यामुळे पाचशे वस्तीच्या गावचा महापौर उगाच कुणाच्या अंगावर यायला तयार नसतो. नेहमीच्या निवडणुकीत उमेदवार वर्षभर आधीपासून गावोगाव फिरून या सह्या जमवतात. अचानक राजीनामा आला तर हेच काम दोन-तीन आठवड्यांत उरकायचं. मोठ्या पक्षांकडे नगरसेवक, महापौर, खासदार तयार असतात, त्यांचं निभावतं. नव्या किंवा एकट्या उमेदवाराचं तिथेच आटोपतं. 'लोकांना कौल देऊ द्या' असं म्हणणाऱ्यांनी ही चाळणी लक्षात घ्यावी.

हंगामी काळात आणखी एक गंमत आहे. हंगामी अध्यक्षाला संसद बरखास्त करता येत नाही, सार्वमत घेता येत नाही, आणि संसदेलाही त्या काळात सरकारवर अविश्वास ठराव आणता येत नाही. सगळं गोठतं. हे शरद ऋतूत झालं तर अर्थसंकल्प अडकतो. तिथे अर्थसंकल्प ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारपर्यंत मांडायचा आणि संसदेने 70 दिवसांत निपटायचा, असं गणित आहे. फिलिप यांनी 'आधी अर्थसंकल्प, मग निवडणूक' हा क्रम सांगितला तो याचसाठी.

आता मुद्द्याचं. फ्रान्सचं दुखणं अध्यक्षांच्या एलिझे प्रासादात नाही, संसदेच्या कनिष्ठ सभागृहात आहे. 577 जागा, बहुमत 289, आणि जुलै 2024 च्या निवडणुकीपासून डावे, मधले, कडवे उजवे असे तीन गठ्ठे, कुणाकडेच 289 नाहीत. बार्निएंविरुद्ध 331 मतं पडली, बायरूंविरुद्ध 364. 16 ऑक्टोबर 2025 ला लकोर्न्यू वाचले, कारण ठरावाला 271 मिळाली, 18 कमी. मॅक्रॉन गेले तरी ते 577 जण तेच राहतात. नव्या अध्यक्षाला सभागृह बरखास्त करून पुन्हा निवडणूक घ्यावी लागणार, आणि तीही त्रिशंकू आली तर एक वर्ष पुन्हा बरखास्त करता येणार नाही (कलम 12). म्हणजे एक राजीनामा आणि दोन निवडणुका, आणि एवढं करून तिढा तिथेच राहण्याची शक्यता.

म्हणून माझं मत: 11 टक्क्यांसाठी राजीनामा नको. चाचणी हा ताप मोजायचा काटा आहे, तो वर गेला म्हणून रोग्याला खाटेवरून उतरवत नाहीत.

---

चौपदरी

कलमकसाई, शेवटची उपमा सोडली तर सहमत. पण महाभियोगाचं लिहायचं राहिलं, आणि त्याशिवाय 'राजीनामा द्या' ही हाक का उठते ते कळत नाही. कलम 68 प्रमाणे अध्यक्षाला काढायचं तर 'पदाशी उघडउघड विसंगत असा कर्तव्यभंग' दाखवावा लागतो. प्रस्तावावर दहावा हिस्सा सदस्यांच्या सह्या, मग दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे दोन तृतीयांश, मग दोन्हींच्या संयुक्त उच्च न्यायालयात गुप्त मतदानाने पुन्हा दोन तृतीयांश. डाव्यांचा प्रस्ताव सप्टेंबर 2024 मध्ये पहिल्या पायरीवर स्वीकारला गेला, ऑक्टोबरात तो कार्यक्रमपत्रिकेवरच घेतला नाही. दार इतकं अरुंद असलं की लोक खिडकीकडे बोट दाखवतात.

शिवाय मागणी करणाऱ्यांचे हिशेब वेगवेगळे असतात. कडव्या उजव्यांच्या नेत्या मारिन ल पेन यांना 31 मार्च 2025 च्या कोर्टाच्या निकालाने पाच वर्षं निवडणूक लढवायला बंदी झाली, तीही तत्काळ लागू. त्या ऑक्टोबरात लगेच निवडणूक लागली असती तर त्या स्वतः बाहेर आणि त्यांच्याच पक्षाचे बार्देला आत. त्यामुळे कोण राजीनामा मागतंय आणि कोण बरखास्ती मागतंय, हे नीट ऐकावं. दोन्ही एक नव्हेत.

---

समुद्रापलीकडे

फ्रान्सचं ठीक, पण राजीनाम्यानं काय होतं याचं ताजं आणि शेजारचं उदाहरण श्रीलंका आहे. तारखांसकट लिहितो, कारण लोकांच्या डोक्यात फक्त प्रासादातल्या तरणतलावातले फोटो उरलेत.

गोटाबाया राजपक्षे नोव्हेंबर 2019 मध्ये 52.25 टक्के मतांनी निवडून आले. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांच्या आघाडीला 225 पैकी 145 जागा. 12 एप्रिल 2022 ला सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचं जाहीर केलं. इंधन नाही, गॅस नाही, औषधं नाहीत. अशा अध्यक्षाला संसदेने काढावं तर कसं? कलम 38: नोटिशीवर दोन तृतीयांश म्हणजे 150 सह्या (किंवा निम्म्या सह्या आणि आरोपांत तथ्य असल्याची सभापतींची खात्री), मग चौकशीसाठी ठराव, पुन्हा 150, मग सर्वोच्च न्यायालयाची चौकशी, मग काढण्यासाठी पुन्हा 150. कारणं ठरलेली: घटनाभंग, देशद्रोह, लाचखोरी, पदाचा गैरवापर वगैरे. 'देशाचं दिवाळं काढलं' हे कारण त्या यादीत नाही.

तेव्हा उरला राजीनामा. 9 जुलैला जमाव अध्यक्षीय प्रासादात घुसला, 13 ला पहाटे ते लष्करी विमानाने मालदीवला, 14 ला सिंगापूरला. राजीनामा देश सोडल्यावर दिला, आधी नाही. पदावर असेपर्यंत खटल्यापासून संरक्षण असतं (कलम 35), पत्र दिलं की ते जातं. म्हणून क्रम असा: आधी विमान, मग पत्र.

पत्र आलं ईमेलने. घटनेत शब्द आहेत 'स्वतःच्या सहीचं लेखी पत्र, सभापतींना उद्देशून'. ईमेल त्यात बसतो का यावर खल झाला, मूळ कागद सिंगापूरहून आणवला आणि 15 तारखेला सभापतींनी राजीनामा 14 पासून लागू झाल्याचं जाहीर केलं.

आणि पुढे? तिथे मधेच पद रिकामं झालं तर जनता मत देत नाही, उरलेल्या मुदतीसाठी संसद निवडते, महिन्याच्या आत (कलम 40). 16 जुलैला संसद बसली, 19 ला अर्ज, 20 ला गुप्त मतदान: रनिल विक्रमसिंघे (गोटाबायांचे पंतप्रधान) 134, डल्लस अलहप्पेरुमा 82, अनुरा कुमार दिसानायके 3, बाद 4, गैरहजर 2. विक्रमसिंघे यांच्या पक्षाचा संसदेत एकच माणूस होता, ते स्वतः. त्यांना निवडलं ते राजपक्ष्यांच्याच खासदारांनी. रस्त्यावरची घोषणा 'दोघंही जा' अशी होती, त्यातला एक गेला आणि दुसरा खुर्चीवर बसला. तीन मतांवाले दिसानायके अध्यक्ष झाले, पण सप्टेंबर 2024 मध्ये, जनतेच्या मतदानाने.

---

वाटाड्या

म्हणजे तुमच्या सगळ्यांच्या मते कुणीच कधी राजीनामा देऊ नये की काय? द गॉल यांचं काय?

---

कलमकसाई

द गॉल यांनी दिला तो मला योग्य वाटतो, कारण पैज त्यांनीच लावली होती. सिनेट आणि प्रांतरचनेच्या सुधारणेवर सार्वमत, आणि हरलो तर जाईन हे आधीच जाहीर. 27 एप्रिल 1969 ला 52.4 टक्के 'नाही' म्हणाले. मध्यरात्रीनंतर दोन वाक्यांचं निवेदन निघालं: प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाचं काम मी थांबवतो आहे. हा निर्णय आज दुपारी बारापासून लागू. संपलं. कारणं नाहीत, आभार नाहीत, कुणावर ठपका नाही. हंगामी अध्यक्ष झालेले सिनेटचे अलँ पोएर स्वतःही उमेदवार होते आणि दुसऱ्या फेरीत पाँपिदूंकडून हरले.

मॅक्रॉन यांनी जून 2024 मध्ये सभागृह बरखास्त केलं, पण 'हरलो तर जाईन' असं कधी म्हटलं नाही. उलट मुदत पूर्ण करणार हेच सांगत राहिले. नावडतं असेल, पण शब्द मोडला असं म्हणता येत नाही.

---

पाटीपेन्सिल

मी असहमत. लोकप्रियता आणि कारभार चालवण्याची ताकद यांची इथे गल्लत होतेय. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांना फेब्रुवारी 1952 मध्ये 22 टक्के पसंती होती, ते मुदत संपेपर्यंत राहिले आणि कुणाचं काही अडलं नाही, कारण सरकार चालत होतं. निक्सन यांना ऑगस्ट 1974 मध्ये 24 टक्के. दोन टक्के जास्तच की! तरी गेले, कारण आकडा तो नव्हताच. वॉटरगेट प्रकरणात 24 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ध्वनिफिती द्यायला लावल्या, 8 विरुद्ध 0. महिनाअखेर समितीने महाभियोगाचे तीन आरोप मंजूर केले. 5 ऑगस्टला नको ती फीत बाहेर आली, आणि 7 तारखेला त्यांच्याच पक्षाचे गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स भेटून सांगून आले की सिनेटमध्ये तुम्हाला वाचवण्याइतकी मतं नाहीत. स्वपक्षाचे लोक मोजणी करून दारात आले की निघायची वेळ झाली, ही माझी कसोटी.

मॅक्रॉन यांच्या बाबतीत फिलिप यांचं बोलणं मी त्याच वर्गात धरतो. तेवढ्या टोकाला अजून गेलेलं नाही, पण '2027 पर्यंत बघू' म्हणणाऱ्याने दोन वर्षांत किती पंतप्रधान खपले तेही मोजावं.

जाता जाता: निक्सन यांचं पत्र एका वाक्याचं, परराष्ट्रमंत्री किसिंजर यांच्या नावे, कारण अमेरिकी कायद्यात ते त्याच कार्यालयात द्यायचं असतं. वर 11.35 ची वेळ आणि किसिंजर यांची आद्याक्षरं. महाभियोगाने काढलं असतं तर माजी अध्यक्षाचं निवृत्तिवेतन गेलं असतं, राजीनाम्याने राहिलं. दक्षिण कोरियातही पदच्युत अध्यक्षाच्या सवलती जातात.

---

समुद्रापलीकडे

पत्रांचा विषय निघालाच आहे तर पेरू विसरू नका. नोव्हेंबर 2000 मध्ये तिथले अध्यक्ष फुजिमोरींनी तोक्योहून फॅक्सने राजीनामा पाठवला. तिथे राजीनामा काँग्रेसने, म्हणजे संसदेने, स्वीकारावा लागतो. काँग्रेसने तो फेटाळला आणि 'कायमची नैतिक अपात्रता' ठरवून स्वतःच काढलं. त्यामुळे 'दिला की संपलं' हे फ्रान्सचं झालं, सगळीकडे तसं नसतं. आपल्या राष्ट्रपतींचं पत्र उपराष्ट्रपतींकडे जातं आणि उपराष्ट्रपतींनी ते लगेच लोकसभा अध्यक्षांना कळवायचं असतं (कलम 56).

---

वाटाड्या

आणि दिल्यावर पश्चात्ताप झाला तर? परत घेता येतो का?

---

चौपदरी

पद रिक्त झाल्याचं जाहीर झालं की नाही. आणि हे शिकायला फ्रान्सला जायची गरज नाही. 29 जून 2022 ला उद्धव ठाकरे यांनी दुसऱ्या दिवशीच्या बहुमत चाचणीआधी राजीनामा दिला. 11 मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं. आणि त्याच निकालात सांगितलं की ठाकरे चाचणीला सामोरे गेले नाहीत, स्वेच्छेने राजीनामा दिला, म्हणून पूर्वीची स्थिती आणता येणार नाही. तिथे पदाचं नाव वेगळं आणि पद्धत वेगळी, हे मान्य. पण कागदावर सही करण्याआधी वकिलाला विचारायचा प्रश्न तोच.