स्टीफन्सच्या व्याकरणावर सारांश पाठवताना

थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याच्या कोकणी व्याकरणावरचा निबंध भाषाविज्ञानाच्या इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला (१९७८ला ओटावात सुरू झाली, दर तीन वर्षांनी भरते) पाठवावा का, असा प्रश्न आहे. जरूर पाठवा. पण 'पहिले छापील व्याकरण' एवढ्या मुद्द्यावर सारांश उभा करू नका. ते तिथं सगळ्यांना ठाऊक असतं.

खरी गोम मुखपृष्ठावर आहे. पुस्तक १६४०ला गोव्यातल्या रायतूरला छापलं, स्टीफन्स १६१९लाच वारलेला. दियोगु रिबेरू या दुसऱ्या जेझुइट पाद्र्यानं त्यात भर घातली आणि आणखी चार पाद्र्यांनी ते तपासलं, हे मुखपृष्ठच सांगतं. त्यामुळे "स्टीफन्स म्हणतो" असं बेधडक लिहिलंत की परीक्षक तिथंच बोट ठेवणार. शिवाय बरेच जण कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अभ्यासकानं १८५७ला काढलेली आवृत्ती वापरतात आणि साल १६४० टाकतात. कोणती प्रत पाहिली ते पहिल्या दोन ओळींत सांगा.

प्रश्न एकच घ्या. उदाहरणार्थ, लॅटिनचा विभक्तींचा साचा कोकणीवर कुठे बसतो आणि कुठे ताणावा लागतो? रोमी लिपीतले दाखले मूळ स्पेलिंगसकट द्या, आजच्या वळणाचे करू नका.

निबंध वाचायला वीस मिनिटं मिळाली तर इंग्रजीतले दोन-सव्वादोन हजार शब्द पुरे. दाखल्यांचा कागद आधीच वाटा. पडद्यावरची त्या व्याकरणातली जुनी पोर्तुगीज मागच्या रांगेतून कुणालाच वाचता येत नाही.