उपासाचं ताट पोर्तुगीजांचं म्हणे! मग काय, मोडला का उपास?

माजघर:
कालपासून तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड येऊन पडलाय. 'तुम्हाला माहीत आहे का? 1498 साली वास्को द गामा आला नसता तर आषाढीला तुम्ही उपाशी बसला असता! बटाटा, रताळं, साबुदाणा, शेंगदाणा, मिरची सगळं पोर्तुगीजांचं. घ्या तुमची हजारो वर्षांची परंपरा!' आणि खाली हसून हसून रडणारे पाच पिवळे चेहरे. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी खिचडीच खात होतो त्यामुळे जरा जास्तच लागलं.

आधी ते साल बघू. 1498 ला गामा कालिकतला उतरला तेव्हा पोर्तुगीजांना ब्राझीलच सापडलं नव्हतं, त्यांचा दर्यावर्दी काब्राल तिथे पोचला 1500 ला. मग गामाने शेंगदाणे काय खिशातून काढले? ही पिकं अमेरिकेतून आली हे खरं, नंतर सावकाश आली, बटाटा हे नावही त्यांचंच, सगळं मान्य. गंमत म्हणजे मुळात 'बटाटा' म्हणायचे ते रताळ्याला, आणि रताळ्याला आपण नाव दिलं 'रक्तालु'वरून, म्हणजे पाहुणा परदेशी आणि नाव थेट संस्कृत. असली मजा त्या फॉरवर्डवाल्याला कुठून सुचणार.

पण 'म्हणजे परंपरा खोटी' हे कुठून काढलं? उपासाला काय चालतं याची यादी कुणी ताम्रपटावर कोरलेली नाही. नियम असा की धान्य नको, नांगराखालचं नको, कंदमुळं-फळं-दूध चालेल. ऋषिपंचमीला आजही बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. बटाटा दारात आला, आजीच्या आजीने विचारलं असणार 'जमिनीखालचा ना रे?', हो म्हटल्यावर आत घेतला. नियम जुनाच, पाहुणा नवा. माझी आजी तर तुपात जिरं तडतडलं की त्यात बटाट्याच्या काचऱ्या टाकायची आणि म्हणायची, देवाला पासपोर्ट दाखवावा लागत नाही.

तर्कटराव:
पासपोर्ट ठीक आहे, पण लॉजिक तर दाखवा. धान्य चालत नाही म्हणता, मग वरई काय आहे? गवताच्या कुळातलं तृणधान्य, तांदळाची चुलत बहीण. नावातच 'वरीचे तांदूळ' म्हणतो आपण! शेंगदाणा तूर-हरभऱ्याच्याच कुळातला, तूर चालत नाही आणि दाण्याची आमटी वाटीवर वाटी चालते. आणि नांगराचं म्हणाल तर आज बटाटा काय ऋषींच्या आश्रमाच्या परसात उगवतो का, ट्रॅक्टरने नांगरलेल्या शेतातच येतो ना. एक साधी गोष्ट मान्य करा की आपल्याला ते खायला आवडतं म्हणून चालतं. 'एकादशी दुप्पट खाशी' हे पोर्तुगीजांनी नाही म्हटलेलं, आपल्याच लोकांनी म्हटलंय. आमच्या हापिसात एकादशीला कँटीनमध्ये जी रांग लागते ती इतर दिवशी बिर्याणीलाही लागत नाही, मी स्वतः गेल्या आषाढीला दोन वडे, खिचडी, वर रताळ्याच्या गोड काचऱ्या असं हाणून दुपारी मीटिंगमध्ये झोपलोय.

हॉस्टेलवासी:
चालू द्या तुमचं, फक्त एक विचारायचं होतं, साबुदाणा भिजवताना पाणी नेमकं किती घालायचं? उद्या संकष्टी आहे आणि मागच्या वेळी गोळा झाला होता.

शिलेदार77:
हे सगळं पाश्चात्त्यांनी लिहिलेलं आणि आपण मान डोलावतो. सीताफळ अमेरिकेतलं म्हणतात, मग भारहुतच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपावर सीताफळ कसं कोरलंय? खुद्द पुरातत्त्ववाल्या कनिंगहॅमने तसं लिहिलंय, आणि तो इंग्रजच होता. कर्नाटकातल्या सोमनाथपूरच्या केशव मंदिरात, 13 वं शतक, मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आहे, जाऊन बघा. कोलंबसच्या आधी! सीताफळ, रामफळ ही नावं काय लिस्बनहून आली का?

पंतोजी:
शिलेदार, रताळ्याचं काय ते वर वाचलंत ना? नाव इथलं म्हणून झाड इथलं होत नाही. सीताफळाचं जवळपास सगळं गणगोत अमेरिकेत आहे, रामफळाचंही. त्या मंदिरातल्या 'कणसा'ला दुसरे जाणकार मोत्यांचं काल्पनिक फळ म्हणतात, ते मंदिर बांधणाऱ्या होयसळांचे शिल्पकार दागिने किती बारीक कोरायचे ते बघितलंत तर पटेल. आणि मका एवढा हातोहात होता तर मग एका तरी जुन्या पाककृतीत, कोशात, दानपत्रात तो का येत नाही? दगडात आहे आणि पोटात नाही असं कसं होईल.

बाय द वे माजघर, 'उपास' नाही, 'उपवास'. शीर्षकातच चूक.

माजघर:
पंतोजी, तुमच्या घरी 'आज माझा उपवास आहे' असं कोण म्हणतं? वर्तमानपत्रात छापतात तसं बोलणारा माणूस मी अजून बघितला नाही.

तर्कटराव, नांगराची गोष्ट ऋषिपंचमीची, ती मी बाकीच्या उपासांत मिसळली, एवढं मान्य. वरईपुढेही हात टेकले. शेंगदाण्याचं मात्र ऐकणार नाही, त्याला भुईमूग म्हणतात, भुईतून उपटून काढतात, ज्याने पहिल्यांदा उपटला त्याला तो कंदच वाटला असणार. कुळं-बिळं तुम्ही शाळेत शिकलात, आजी नाही शिकली.

खलबत्ता:
एक मिनिट एक मिनिट. सगळे बटाट्यावर भांडताय आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, आजी *जिरं* घालायची? उपासाला? आमच्याकडे जिरं अजिबात चालत नाही. तूप-मिरचीची फोडणी, संपला विषय. जिरं घातलं की नैवेद्याची भाजी झाली ती.

धोंडू_कोल्हापूर:
काय बोलताय राव, जिऱ्याशिवाय खिचडी म्हणजे नुसता चिकट गोळा. आमच्यात जिरं पण चालतंय, कोथिंबीर पण चालतीय. चालत नाही ती मोहरी आणि हळद.

खलबत्ता:
कोथिंबीर!! अहो मग कांदा पण घाला, पोहेच करा सरळ.

वऱ्हाडी_पाहुणा:
कोथिंबिरीवर एवढं चिडून राहिले बापा. आमच्या घरी कोथिंबीर चालते पण जिरं नाही, मामाकडे जिरं चालते पण कोथिंबीर नाही, अन् दोन्ही घरं एकाच गल्लीत आहेत. लग्नानंतर माझ्या मायनं बारा वर्षं माहेरी जाऊन जिऱ्याची खिचडी खाल्ली, सासूला पत्ता नव्हता. सासू गेली तेव्हा कळलं, की ती पण तिच्या माहेरी तेच करत होती.

तर्कटराव:
वा. आता हेच पुरावे म्हणून घ्या, मला वेगळं काही लिहायची गरज नाही.

आक्का_बेळगाव:
माजघर, तुम्ही म्हणता की नवीन पाहुणा आला, 'जमिनीखालचा ना' एवढंच विचारलं, आत घेतला. तसं अजिबात नाही. जुन्या लोकांना बरोबर माहीत होतं कोण घरचा आणि कोण बाहेरचा. श्राद्धाचा स्वयंपाक बघा. आमच्या भागात, खाली कर्नाटकात, तमिळनाडूत, श्राद्धाला बटाटा नाही, टोमॅटो नाही, कोबी नाही, तिखटाला मिरची नाही, मिरी. पुरीला जगन्नाथाच्या महाप्रसादात आजही बटाटा, टोमॅटो, मिरची चढत नाही. म्हणजे पितरांच्या आणि देवाच्या पानात यांना बंदी, आणि आपल्या पानात मात्र उपासाच्या दिवशीसुद्धा मुभा. आमच्या सासूबाई सरळ म्हणायच्या, पितरांना फसवता येत नाही, एकादशीचं काय, ती आपली आपल्यापुरती. मिरची हा शब्दच मिरीवरून आलाय, मूळची कोण ते विसरू नका.

माजघर:
आक्का, हा मुद्दा बिनतोड आहे, श्राद्ध माझ्या डोक्यातच नव्हतं. 'जमिनीखालचा ना' एवढंच विचारलं, हे माझं वाक्य मागे. पण मग माझंच म्हणणं उलट पक्कं होतं ना, की लोकांनी माहीत असून, ठरवून आत घेतलं. अजाण नव्हते, जाणूनबुजून केलेली सोय होती.

तर्कटराव:
म्हणजे हरलात तरी जिंकलात. तुम्ही वकील आहात का?

मांडवीतीर:
तुम्ही सगळे 'पोर्तुगीजांनी आणलं' असं म्हणता जणू होडीतून उतरून ते टोपलीच हातात देत होते. आमच्या गोव्यात हापूसचीही अशीच कथा सांगतात, आफोन्सो द अल्बुकर्कने स्वतः कलम केलं म्हणून. त्याने गोवा घेतला 1510 ला आणि 1515 ला तो मेलासुद्धा, त्या पाच वर्षांत कधी ओर्मुझ कधी मलाक्का, लढायांतून उसंत नाही, कलमं कधी बांधणार? नाव त्याचं, पण कलमाचं काम नंतर आलेल्या जेझुइट पाद्र्यांचं, आणि माती-पाणी घालणारे हात आमच्या लोकांचे. त्यांचं नाव कुठल्याच आंब्याला नाही. साहेबाचं नाव फळाला लागतं, माळ्याचं लागत नाही, हे तेव्हापासून चालूच आहे, माझ्या जुन्या कंपनीतही तेच होतं पण ते जाऊ दे.

न्यूजर्सीकर:
इथे राजगिऱ्याचं कुणीच कसं बोललं नाही? उपासाचा खरा राजा तो. तोही अमेरिकेतलाच. मेक्सिकोत अॅझ्टेक लोक त्याच्या पिठात मध वगैरे कालवून देवांच्या मूर्ती करायचे आणि मग प्रसादासारख्या वाटून खायचे, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी त्याच्यावर डोळा धरला. माझ्या घराजवळ एक मेक्सिकन दुकान आहे, तिथे 'अलेग्रिया' नावाची वडी मिळते, म्हणजे आनंद. खाल्ली तर काय, हुबेहूब आपली राजगिऱ्याची वडी! आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, ती म्हणाली ही तर आपल्या नाक्यावरची. म्हणजे तिकडेही देवाचंच खाणं होतं, इकडे येऊनही देवाच्याच कामाला लागलं.

बाकी इथे भारतीय दुकान बंद असल्यावर एकदा चिनी दुकानातले टॅपिओकाचे मोती आणले होते, ते निघाले बबल टीचे. खिचडीऐवजी गोट्या.

सेलम_रिटर्न:
आता साबुदाण्यावर बोलतो, मी नोकरीनिमित्त तीन वर्षं तमिळनाडूत सेलमला काढली आहेत. पोर्तुगीज पोर्तुगीज काय लावलंय, तुम्ही खाता तो साबुदाणा दुसऱ्या महायुद्धाने दिलाय. आधी साबुदाणा यायचा मलाया-जावाकडून, ताडासारख्या झाडाच्या बुंध्यातल्या पिठाचा, नावही मलाय 'सागू'वरून. युद्धात ती आयात बंद झाली आणि 1943 च्या सुमाराला सेलमच्या लोकांनी टॅपिओकाच्या कंदाच्या पिठापासून तसलेच दाणे पाडायला सुरुवात केली. कंद मूळचा ब्राझीलचा, केरळात आला पोर्तुगीजांमुळे हे बरोबर, पण तिथे तो घराघरांत नेला त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी, 1880 नंतर. कारखान्याशेजारून गेलात तर त्या ओल्या पिठाचा आंबूस वास नाकात बसतो, आवारभर पांढरं शुभ्र पसरलेलं असतं उन्हात. आणि विनोद असा की तिथले माझे तमिळ शेजारी विचारायचे, तुम्ही मराठी लोक एवढ्या 'जव्वरिसी'चं करता तरी काय? ते पायसम आणि वडाम करतात, उपास वगैरे डोक्यातही नाही.

तेव्हा आमची दाण्याच्या कुटाची खिचडी, निदान टॅपिओकाच्या साबुदाण्याची, माझ्या वडिलांपेक्षा वयाने लहान आहे. वडील 1938 चे.

शिलेदार77:
ठीक आहे, साबुदाणा सोडला. सीताफळ सोडत नाही.

पंतोजी:
सोडू नका, बिया मात्र थुंका.

धोंडू_कोल्हापूर:
आमचा लाल भोपळा तरी इथला आहे का तो पण गेला?

पंतोजी:
गेला. तोही अमेरिकेचा. शिंगाडा राहिला, तो आपल्याकडचा.

धोंडू_कोल्हापूर:
शिंगाड्यावर कोण जगतंय राव.

खलबत्ता:
जिऱ्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. माजघर, नियम कंदमुळं-फळं असा म्हणता ना? जिरं कंद आहे का फळ आहे? पिकवलेलं बी आहे. तुमच्याच नियमाने बाद.

माजघर:
वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते फळच असतं. हवं तर तर्कटरावांना विचारा.

तर्कटराव:
दुर्दैवाने बरोबर आहे. जिऱ्याचा दाणा म्हणजे सुकं फळच. पण त्याच न्यायाने गव्हाचा दाणाही फळच आहे, तेव्हा उद्या संकष्टीला पोळ्या लाटा.

खलबत्ता:
मी 46 वर्षांची आहे, माझ्या आईने, तिच्या आईने जिरं घातलं नाही, आणि आता तुम्ही मला लॅटिन नावं शिकवणार. घाला जिरं. धने पण घाला. गरम मसाला राहिला असेल तर तोही घाला.

आक्का_बेळगाव:
बाई, चिडू नकोस. आमच्याकडे मीठसुद्धा सैंधवच लागायचं, आता कोण बघतंय.

वऱ्हाडी_पाहुणा:
मीठ काढू नका आता, रात्र होऊन जाईल.

हॉस्टेलवासी:
साबुदाणा पाण्यात टाकून बसलोय तासापासून, पाणी काढू का ठेवू?

खलबत्ता:
धुवून सगळं पाणी काढ, मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच घाल, झाकून रात्रभर ठेव. सकाळी दाणा बोटाने चेपून बघ, मधे टणक कण लागला तर पाण्याचा हबका मार. कुटात आधी कालव, मग फोडणीत टाक. आणि जिरं घालू नकोस.

धोंडू_कोल्हापूर:
घाल रे.