युनियनचं सातपूरचं ऑफिस पाडून गाळे काढायचे का? जुन्या कामगारांनी बोला

सातपूर_फर्स्टशिफ्ट:
विषय कार्यकारिणीपुढे आलाय. खाली दुकानांचे गाळे, वर एक हॉल युनियनला. माझा साफ विरोध. वडिलांनी पगारवाढीच्या कराराच्या फरकातून दिलेल्या वर्गणीची पावती अजून घरी आहे, असा शेकडो जणांचा पैसा त्या स्लॅबमध्ये आहे, आणि गेटवर सभा घेऊ दिली नाही की सगळे तिथेच जमायचे, सस्पेंड झालेल्यांच्या घरी धान्यसुद्धा तिथूनच जायचं.

अंबड_हेल्पर:
मला नाही पटत भाऊ. मी नऊ वर्षं कंत्राटी आहे, मला सभासदच करून घेत नाहीत, मग ती इमारत माझी कशी? नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 ला मुंबईत गिरणी कामगारांची मिल हॅण्ड्स असोसिएशन काढली तेव्हा ना सभासद यादी होती ना फंड, तरी 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवलीच ना. उलट 1982 च्या गिरणी संपात राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे मान्यता होती, ऑफिस होतं, आणि कामगार गेले दत्ता सामंतांच्या मागे.

सातपूर_फर्स्टशिफ्ट:
लोखंड्यांचं मान्य. पण 1928 चा गिरणी संप सहा महिने चालला, त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि परळच्या दळवी बिल्डिंगमधलं तिचं ऑफिस पुढच्या पिढ्यांना पाठ होतं. पगार कापला, खोलीवाल्याने काढलं, की कामगार जिना चढून जायचा. असा जिना लागतो हो.

जेलरोडकर:
1926 च्या जुन्या ट्रेड युनियन कायद्यातलं कलम 13 वाचा. नोंदणी झालेली युनियन स्वतःच्या नावावर मालमत्ता घेऊ शकते, म्हणजे जागा अध्यक्षाची पण नाही आणि दोन-चार पदाधिकाऱ्यांची पण नाही. कलम 20 प्रमाणे हिशेबाची वही कुठलाही सभासद बघू शकायचा. नोव्हेंबर 2025 ला त्या कायद्याच्या जागी नवे लेबर कोड लागू झाले, पण म्हणून वही लपवायची मुभा मिळाली का? बिल्डरशी काय बोलणं झालंय ते आधी सगळ्यांसमोर ठेवा, मला स्वतःला त्यात पाणी मुरताना दिसतंय.

अंबड_हेल्पर:
हिशेब दाखवा याला माझाही पाठिंबा. गाळे नकोत हेही चालेल. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर ते कुलूप उघडा आणि कंत्राटी पोरांच्या पीएफच्या तक्रारी लिहून घ्या, मग विरोधाच्या अर्जावर मी सही करतो, सोबत चाळीस जण आणतो.

सातपूर_फर्स्टशिफ्ट:
रविवारी अकरा वाजता या. चावी मी मागून घेतो.