चित्रपट ‘चालला’, ‘गाजला’ की ‘जमला’?

चित्रपट पाहून घरी आलो की माझे मामा एकच प्रश्न विचारतात, “काय, चालतंय का पिक्चर?” सोलापुरातल्या साखर पेठेत त्यांचे चार यंत्रमाग आहेत आणि ‘चालणे’ हे क्रियापद त्यांच्या तोंडी दिवसभर असते. माग चालतो, धंदा चालतो, माल चालतो, तसाच चित्रपटही चालतो. मार्च २०२५ मध्ये ‘स्थळ’ पाहून आलो, त्या रात्री मी उत्तर दिले, “चालेल की नाही ठाऊक नाही मामा, पण जमलाय.” हे काही उत्तर झाले नाही, जमला असेल तर चालेलच, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही. का पटले नाही याचा विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आले की चित्रपटाविषयी बोलताना आपण जी क्रियापदे सहज वापरतो, त्यांतले प्रत्येक क्रियापद निराळ्याच गोष्टीविषयी बोलत असते. माझ्या वयाची मुले मात्र ‘हिट’ आणि ‘फ्लॉप’ या दोनच शब्दांत सगळे आटोपतात आणि त्यामुळे हे भेद आमच्या बोलण्यातून पुसट होत चालले आहेत. जाणकारांनी यावर आपले मत द्यावे, म्हणून ही चर्चा सुरू करीत आहे.

प्रथम ‘चालणे’. या क्रियापदात वेग नाही, सातत्य आहे. चित्रपट चालला म्हणजे तो टिकला, शुक्रवारमागून शुक्रवार आले तरी पडद्यावर राहिला. जुनी मंडळी ‘किती आठवडे चालला’ असेच विचारतात, ‘किती कोटी’ असे विचारत नाहीत. आता पहिल्या तीन दिवसांचे आकडे रविवारी रात्रीच जाहीर होतात आणि सोमवारी प्रेक्षागृह ओस पडले, तरी चित्रपट ‘चालला’ असे म्हटले जाते. माझ्या मते त्या ठिकाणी हा शब्द चुकीचा आहे. ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेला ‘बाईपण भारी देवा’ हा खऱ्या अर्थाने चाललेला चित्रपट. एका घरातल्या बायका पाहून आल्या, त्यांनी शेजारच्या घरात सांगितले, मग भिशीचा गट गेला, मग माहेरवाशिणी गेल्या, आणि असा तो आठवडेच्या आठवडे पुढे सरकत राहिला. मला स्वतःला त्याची गोष्ट काही ठिकाणी फार सोयीने सुटल्यासारखी वाटली, पण तो चालला याबद्दल दुमत होऊ शकत नाही.

येथे सोलापुरातले एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषा बोलल्या जातात. शेजारच्या पद्मशाली आजोबांना एखादा चित्रपट चांगला चालला असे सांगायचे असेल, तर ते ‘सिनिमा बागा आडिंदी’ असे म्हणतात. तेलुगूत ‘आडु’ म्हणजे खेळणे, आणि ‘आट’ म्हणजे खेळ. अक्कलकोट तालुक्यातून शिकायला आलेला माझा मित्र कन्नडमध्ये ‘ओडितु’ म्हणतो, म्हणजे ‘धावला’. एकाच तिकीट खिडकीसमोर उभ्या असलेल्या तीन माणसांपैकी एकाचा चित्रपट चालतो, दुसऱ्याचा खेळतो आणि तिसऱ्याचा धावतो. मराठीत आपण ‘पहिला खेळ’, ‘दुपारचा खेळ’ असे म्हणतो, म्हणजे नाम तेलुगूसारखेच वापरतो, पण ‘चित्रपट खेळला’ असे म्हणत नाही. नाम आले आणि क्रियापद आले नाही, असे का झाले असावे?

‘गाजणे’ हा शब्द ‘गर्ज्’ या धातूच्या कुळातला आहे. त्यात आवाज आहे, आणि आवाज गोष्टीच्या पुष्कळ पुढे पोहोचतो. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातले परीक्षक मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. आपल्याकडे तो सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला. मधल्या आठ महिन्यांत तो आमच्यापैकी कोणीही पाहिलेला नव्हता, तरी गाजलेला होता. (साबर म्हणजे निवडुंग आणि बोंड म्हणजे त्याचे फळ. कापसाच्या बोंडावर पोट भरणाऱ्या या शहरात हे नाव वाचताना वेगळीच जवळीक वाटली.) ‘छावा’ गाजलाही आणि चाललाही. त्यातली संभाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांची दृश्ये अंगावर येतात, विकी कौशल यांनी जीव ओतला आहे, पण पार्श्वसंगीत त्या काळाच्या अंगाला लागत नाही आणि पूर्वार्धात लढाईमागून लढाई येत राहिल्याने माणसे मनात राहत नाहीत, असे माझे मत आहे. म्हणून तो ‘जमला’ असे मी म्हणणार नाही.

‘जमणे’ हा या सर्वांत मला सर्वांत आवडणारा शब्द. लोक जमतात, पैसे जमतात, पुरणपोळी जमते, लग्न जमते. ‘जमा’, ‘जमाव’ यांच्या जवळचाच हा शब्द आहे आणि त्यात सुटे सुटे असलेले काही तरी एकत्र येऊन बसण्याचा अर्थ आहे. चित्रपट जमला म्हणजे पटकथा, अभिनय, प्रकाश, ध्वनी हे सगळे एकमेकांना धरून बसले. तिकीट विक्रीचा या शब्दाशी काहीही संबंध नाही. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’मध्ये मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा होतो. तोच पाट, तेच पोहे, नाव, शिक्षण, उंची यांविषयीचे तेच प्रश्न, आणि समोर बसलेल्या पुरुषांची तीच नजर. पहिल्यांदा आपण माणसे पाहतो, दुसऱ्यांदा प्रश्न ऐकतो, आणि त्यानंतर त्या मुलीचा, सविताचा चेहरा सोडून दुसरीकडे पाहवतच नाही, कारण तिची उत्तरे तीच राहतात, पण ती देणारा आवाज दर वेळी थोडा थोडा विझत जातो. विदर्भातल्या गावातली, अभिनयाचा अनुभव नसलेली माणसे घेऊन दिग्दर्शकाने हे उभे केले आहे. लग्न जमण्याची ही गोष्ट चित्रपट म्हणून जमली आहे, आणि २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तिला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला तो योग्यच मिळाला.

याउलट ‘दशावतार’. दिलीप प्रभावळकर यांचा बाबुली हा कोकणातला दशावतारी कलावंत रंग लावायला बसतो, तेव्हा थकलेल्या म्हाताऱ्याच्या अंगात देव शिरताना आपल्याला दिसतो, आणि बाप-लेकाचे सगळे प्रसंग ओलसर आहेत. पुढे सूडाची गोष्ट सुरू झाल्यावर मात्र चित्रपट घाईला येतो. अशा वेळी मराठीत किती नेमका शब्दप्रयोग आहे पाहा: तो ‘जमता जमता राहिला’.

विरुद्धार्थी शब्द शोधल्यावर हा फरक आणखी स्पष्ट होतो. ‘चालला’च्या उलट ‘पडला’ किंवा ‘आपटला’, ‘जमला’च्या उलट ‘फसला’. ‘गाजला’च्या उलट मात्र एक शब्द मला सापडत नाही, ‘कधी आला, कधी गेला, कळलेच नाही’ असे संपूर्ण वाक्यच वापरावे लागते. तिन्ही क्रियापदे निःसंकोच लावता येतील असा चित्रपट म्हणून मला ‘सैराट’ आठवतो. २९ एप्रिल २०१६ रोजी तो आला, तेव्हा मी सहावीची परीक्षा दिलेली होती. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका अकलूजची, आणि नावच आमच्या जिल्ह्याच्या तोंडचे. मोकाट, बेभान या अर्थाचा हा शब्द आमच्या घरी आजी गुरांविषयी वापरीत असे. त्या उन्हाळ्यात तो मुंबई-पुण्याच्या मुलांच्या तोंडी ऐकून मला झालेला आनंद अजून आठवतो.

माझे दोन प्रश्न आहेत. चित्रपट ‘लागतो’ या प्रयोगातल्या ‘लागणे’चा उगम काय असावा? आणि चित्रपट ‘रंगला’ असे का म्हटले जात नाही?

*

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या कामावरून देतो. सोलापुरातल्या एका टाकीजमध्ये मी बरीच वर्षे ऑपरेटर होतो. मालक पिक्चर ‘लावत’ असे, म्हणून तो ‘लागत’ असे. दिवा लावला की लागतो, तसाच हा साधा व्यवहार आहे. पण आम्ही लावत होतो ते अगदी हातांनी. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चाले. एका मशीनवरचे रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक गोल ठिपका उमटे, तो दिसताच दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, आणि दुसरा ठिपका दिसला की या मशीनचा प्रकाश झाकून त्या मशीनचा उघडायचा. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये. ज्याला तो कळू न देता लावता येई, त्याला आम्ही ‘हात जमलेला’ म्हणत असू, तेव्हा आपल्या ‘जमणे’ या शब्दाला आमच्या खोलीतही जागा होती.

आपण ‘डब्यात गेला’ हा प्रयोग विसरलात. रिळे पत्र्याच्या डब्यांत येत आणि डब्यांतच परत जात. जो पिक्चर पूर्ण होऊनही प्रदर्शित झाला नाही, किंवा आला तसाच परत गेला, तो डब्यात गेला. आता रिळेही नाहीत आणि डबेही नाहीत, सगळे संगणकावर असते. परंतु माझा नातू परवा कोणत्या तरी पिक्चरबद्दल ‘डब्यात गेला’ असेच म्हणाला. त्याने डबा कधी पाहिलेला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा एक रिकामा डबा उतरवून त्याच्या हातात दिला.

*

आपल्या दुसऱ्या प्रश्नासंबंधी. मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. रंगते ते जे त्या क्षणी घडत असते. मैफल रंगते, गप्पा रंगतात, कबड्डीचा सामना रंगतो, नाटकाचा प्रयोग रंगतो. कालचा रंगला आणि आजचा रंगला नाही, असे होऊ शकते, कारण समोरच्या माणसांनुसार कलावंत बदलतो. चित्रपट एकदा पूर्ण झाला की तो सोलापुरात आणि सांगलीत सारखाच असतो, म्हणून त्याला ‘रंगणे’ लागू होत नाही. त्याच कारणाने ‘नाटक बसवले’ असे आपण म्हणतो, परंतु चित्रपट ‘काढला’ असे म्हणतो. जे काढले ते काढले, पुन्हा बसवता येत नाही.

एक सूचना. आपण ‘जमणे’ या शब्दाला तिकीट विक्रीपासून पूर्णपणे वेगळे केलेत, परंतु ‘गर्दी जमली’ हा प्रयोगही त्याच क्रियापदाचा आहे, हे विसरू नये. आपले मामा म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असे मला वाटत नाही.

*

काका, ठिपक्यांची माहिती वाचून मी जुन्या चित्रपटांच्या प्रतींमध्ये ते शोधून पाहिले आणि खरोखरच कोपऱ्यात सापडले. आतापर्यंत मी ते फिल्मवरचे डाग समजत होतो.

बाई, आपले विवेचन मला पटले, पण एक अपवाद मांडतो. आमच्याकडे पूर्व भागात तेलुगू नायकाचा नवा चित्रपट लागतो, तेव्हा पहिल्या खेळाला ढोल असतात, पडद्यासमोर मुले नाचतात, संवाद प्रेक्षकच आधी म्हणतात. पडद्यावरचे काहीच बदललेले नसते, तरी त्या खेळाला ‘रंगला’ हाच शब्द योग्य वाटतो. चित्रपट रंगत नसेल, पण खेळ रंगतो, आणि कदाचित म्हणूनच आपण ‘शो’ला ‘खेळ’ हे नाव ठेवले असावे. ‘गर्दी जमली’ याबद्दलची आपली सूचना मान्य आहे. तिथे जमणारी माणसे असतात आणि ‘चित्रपट जमला’ येथे जमणारा चित्रपट असतो, एवढाच फरक मला महत्त्वाचा वाटतो.

‘उतरणे’ या शब्दाकडे मात्र आपणा कोणाचेच लक्ष गेले नाही. चित्र छान उतरले, स्वयंपाक छान उतरला, कादंबरी पडद्यावर नीट उतरली, असे आपण म्हणतो. आणि चित्रपटगृहातून काढून टाकलेला चित्रपटही उतरलाच. गेल्या वर्षी एका मराठी चित्रपटाला येथे दुपारी बाराचा एकच खेळ दिला गेला. त्या वेळेला कामगार मागावर असतो आणि विद्यार्थी वर्गात. मी तास बुडवून गेलो, आम्ही एकूण नऊ जण होतो, आणि पुढच्या शुक्रवारी मित्राला घेऊन जावे म्हणेपर्यंत फलक बदललेला होता. चित्रपट फार चांगला उतरला होता, आणि आठवड्यात उतरला.

हे मी मामांना सांगितले, तेव्हा ते नेहमीप्रमाणे तयार चादर उलटी करून मागची बाजू तपासत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कपाटातून एक जुना नमुना काढून माझ्यापुढे पसरला. गडद निळ्या जमिनीवर मोरांची जोडी, पिसाऱ्यातला एकेक डोळा सुटा दिसेल इतका स्वच्छ विणलेला. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, ती नक्षी चढवायला त्यांचे बरेच दिवस गेले होते, आणि त्यातल्या मोजक्याच चादरी विकल्या गेल्या होत्या. कडेवरून बोट फिरवीत ते म्हणाले, “नक्षी जमली होती बघ. उठाव नव्हता.”