फॉर्म्युला वन: आधी गाडी बघायची की ड्रायव्हर?

रात्रपाळी: एफ-वन नव्याने बघणाऱ्याला सगळे आधी ड्रायव्हरांची नावं पाठ करायला लावतात. माझं मत उलटं आहे, आधी गाडी बघा. इंजिन आणि काही भाग विकत घेता येतात, पण बाकीच्या गाडीचं डिझाइन ज्या त्या टीमचं. म्हणून वर्षाला विजेतेपदं दोन, एक ड्रायव्हरचं आणि एक टीमचं.

2020 ची बहरीनमधली साखीरची शर्यत आठवा. मर्सिडीजच्या हॅमिल्टनला कोविड झाला, त्यांनी विल्यम्स टीमकडून जॉर्ज रसेलला बोलावलं. विल्यम्समध्ये तोवर त्याचा एकही गुण नव्हता, आणि इंजिन तिथेही मर्सिडीजचंच! उंच पोरगा, कॉकपिटमध्ये मावेना, म्हणून एक नंबर लहान बूट घालून बसला. पात्रता फेरीत मर्सिडीजच्याच दुसऱ्या ड्रायव्हरपेक्षा, बोटासपेक्षा, फक्त 0.026 सेकंद मागे. शर्यतीत पुढेच होता, पण पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला थांबतात तिथे, त्याला बोटासचे टायर लावले गेले, मग पंक्चर. तरीही नववा आला.

हेअरपिन: साफ अमान्य. 2023 मध्ये रेड बुलने 22 पैकी 21 शर्यती मारल्या. त्यात मॅक्स व्हर्स्टापेनच्या 19, त्याच्याच टीमच्या पेरेझच्या 2. गुण 575 आणि 285. गाडी तीच ना? मर्सिडीज दुसरी आली, तिच्या दोघा ड्रायव्हरांचे मिळून 409. म्हणजे एकटा मॅक्स टीमचं विजेतेपदही घेऊन गेला असता.

रात्रपाळी: तीच गाडी, पण कोणाच्या हाताला बसणारी? पुढून झटकन वळणारी गाडी मॅक्सला आवडते, पेरेझला तिचा भरवसा वाटत नव्हता.

मऊ_टायर: तुम्ही दोघंही पिटवॉलला, म्हणजे ट्रॅकच्या कडेला बसून डाव ठरवणाऱ्या टीमच्या माणसांना, विसरताय. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरावेच लागतात, त्यामुळे कधी थांबायचं यावर शर्यत फिरते. हंगेरी 2019: हॅमिल्टन व्हर्स्टापेनच्या मागेच अडकलेला. 70 पैकी 48व्या लॅपला (फेरीला) मर्सिडीजने त्याला नव्या टायरसाठी पुन्हा पिटमध्ये घेतलं. बाहेर आला तेव्हा साधारण 20 सेकंद मागे. मॅक्सचे टायर झिजत गेले आणि 67व्या लॅपला हॅमिल्टन पुढे. नवख्याने टायरचे रंग ओळखायला शिकावं: लाल मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कडक. निम्मी शर्यत तिथेच कळते.

हेअरपिन: डाव पिटवॉलचा, मान्य. पण ते 20 सेकंद लॅपमागून लॅप, एकही चूक न करता भरून कोणी काढले? पिटवॉल स्टिअरिंग धरत नाही.