'शी' म्हणजे नुसत्या सजवलेल्या शिव्या?

तिरकी रेघ:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "चिनी युद्धपत्रं, म्हणजे 'शी' (उच्चार असाच आहे, हसून घ्या; लढाईआधी किंवा बंडाळीत काढलेली जाहीर पत्रं), ही दोन हजार वर्षं एकच सजवलेली शिवीगाळ. त्यात बदललं काय?" वाचून डोकं उठलं. अहो, सीमा श्यांगरूचं शी बघा. इ.स.पू. दुसरं शतक. रस्त्याच्या कामाला माणसं जुंपली, पा-शू भाग (आजचं सिच्वान) बिथरला, म्हणून सम्राट वूने समजूत काढायला याला लिहायला बसवलं. शिव्या द्यायला समोर शत्रूच नाही! इ.स. २०० मध्ये युआन शाओ या सरदाराच्या वतीने त्याचा लेखनिक छन लिन प्रतिस्पर्धी सरदार त्साओ त्साओचं खानदान काढतो: आजोबा खोजा, बाप दत्तक. ६८४ मध्ये लुओ बिनवांग बंडखोरांच्या वतीने सत्ता बळकावलेल्या राजमाता वू झतियनविरुद्ध लिहितो ते जोडीजोडीने तोललेल्या ओळींत, गद्य असून ताल धरावा असं. १८५४ मध्ये मांचू दरबाराचा अधिकारी त्संग क्वोफान थायपिंग बंडखोरांवर तुटून पडतो, पण कळवळा मांचू गादीपेक्षा कन्फ्यूशियसच्या शिकवणीचा. हे सगळं एकच?

गोळेकाका:
तो 'एक' मीच. कपडे बदललेत, अंग तेच. इ.स. ५०० च्या आसपास लिऊ श्ये या साहित्यमीमांसकाने शीची कृतीच देऊन ठेवलीय: आपला चांगुलपणा सांगा, त्याचा जुलूम सांगा, काळ कुणाच्या बाजूचा आणि बळ कुणाचं ते मोजून दाखवा. वर यात युद्धातली लबाडी मिसळलेली असते हेही कबूल! आणि परिणाम म्हणाल तर छन लिनचं ते पत्र वाचून त्साओ त्साओची डोकेदुखी पळाली. शत्रूलाच औषध.

रिकामा बोरू:
काका, ते 'तीन राज्यां'च्या कादंबरीतलं. इतिहासावरच्या जुन्या टीपेत छन लिन त्साओ त्साओच्याच पदरी आहे आणि आजारी मालक वाचतोय ते त्याने मालकासाठी केलेले मसुदे. पक्ष बदलल्यावरचे! कादंबरीने किस्सा उचलून मागे नेला.

गोळेकाका:
बरं, पंडित. मग तर झालंच. आधी एकाचं खाऊन दुसऱ्याचा बाप काढायचा, मग त्या दुसऱ्याचंच खायचं. असल्या भाडोत्री लेखणीला वाङ्मय म्हणायचं?

रिकामा बोरू:
भाडोत्री म्हणताना जपून. अकरा वर्षं एका ऑफिसात साहेबांच्या 'कारणे दाखवा' नोटिसा मी लिहिल्या. एक तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला. 'बेजबाबदार' हा शब्द साहेबांनी तीन ठिकाणी घालून घेतला. सही त्यांची, आणि तो गृहस्थ निवृत्त होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. त्साओ त्साओने छन लिनला विचारलं, मला काय ते बोलायचंस, बाप-आजोबांपर्यंत का गेलास? तो म्हणे उत्तरला, बाण प्रत्यंचेवर चढला होता, सोडावाच लागला. मला तेवढंही सुचलं नाही.

गोळेकाका:
बाणाला हात नसतात, लिहिणाऱ्याला असतात. नोकरी सोडायची.

रिकामा बोरू:
आणि घराचा हप्ता तुम्ही भरणार होतात?

तिरकी रेघ:
नोटिशीचं दुःख कळलं, पण विषय शीचा चाललाय! काका, वू झतियनचं काय करता? आपल्यावरचे आसूड वाचता वाचता तिनेच विचारलं, हे कोणी लिहिलं? असा माणूस हातचा घालवला, ही मंत्र्याची चूक, म्हणाली. नुसत्या शिव्यांना कोणी असं म्हणतं?

गोळेकाका:
म्हणाली, आणि लुओ ज्यांच्यासाठी लिहीत होता त्यांचं बंड त्याच वर्षी चिरडलं. ठीक आहे, लुओ झकास लिहितो. आधीच्या सम्राटाच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, थडग्यावरची माती अजून वाळलीही नाही, ही ओळ आली तिथे मीही वू बाईंसारखाच थबकलो होतो. खूश? तुमचा तो १८५४ वाला मात्र मला शेवटपर्यंत वाचवला नाही.