भावाच्या मुलांचे पैसे मागात घालायचे का?

धोटा_सोलापूर
सलाम आणि नमस्कार. घरातली गोष्ट चारचौघांत मांडतोय, पण मोहल्ल्यात विचारली तर संध्याकाळपर्यंत विजापूर वेशीत पोचेल.

मोठा भाऊ सात महिन्यांपूर्वी वारला. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. चाळीसावा झाला आणि भाबी मुलांना घेऊन माहेरी, कुंभारीला गेली. भावाच्या एफडीवर नॉमिनी अब्बा होते, लग्नाआधीच नाव घातलेलं, नंतर कुणी बदललं नाही. बँकेने अब्बांच्या खात्यात ७ लाख २० हजार जमा केले.

आमचे टॉवेलचे सहा माग आहेत, सगळे जुने. दोन तर भंगारवालाही भाव करून नेईल असे. अब्बा म्हणतात, या पैशांत दोन सेकंडहँड रॅपियर (बिनधोट्याचे माग) टाकू, धंदा सावरला की मुलांच्या लग्नाला दुप्पट देऊ. "आजोबा आहे मी, परका आहे का? वली (पालक) मीच." लहानपणी मदरशात पाठ केलेली कुराणातली आयत (वचन) माझ्या डोक्यातून जात नाही. जे अनाथांचा माल जुलमाने खातात ते पोटात आग भरतात. सूरह निसा, आयत १०. पण अब्बांपुढे ती म्हणून दाखवायची कशी? आणि अब्बा लबाड नाहीत, हेही खरं. भावाच्या आजारपणात स्वतःची मोटारसायकल विकली त्यांनी.

निवृत्त_कारकून
३१ वर्षं कोर्टात कागद लावले, वकील नाही. तुम्ही सुन्नी हनफी पंथाचे असाल असं धरून लिहितो.

पहिली गोष्ट, बँकेचा नॉमिनी म्हणजे पैसे उचलून घेणारा हात. मालक वारसच. कफन-दफनाचा खर्च, भावाचं कर्ज, भाबीचा बाकी मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला देऊ केलेली रक्कम) हे आधी वजा करायचं (मेहर दिला होता का, ते आधी विचारा, पुष्कळ घरांत तो निकाहनाम्यावरच राहतो). भावाने वसीयत (मृत्युपत्र) केलेली नसावी असं धरतो. आता समजा सगळे ७ लाख २० हजार शिल्लक राहिले आणि अम्मी हयात आहेत. बायकोला आठवा हिस्सा, ९० हजार. अब्बांना सहावा, १ लाख २० हजार. अम्मींना तेवढाच. उरलेल्यातून मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे त्याला २ लाख ६० हजार आणि तिला १ लाख ३० हजार.

तेव्हा अब्बांचे स्वतःचे १ लाख २० हजार आहेत. त्याचा रॅपियर घ्या नाहीतर बोकड घ्या, कोण विचारतंय!

दुसरी गोष्ट, वली मीच म्हणतात ते बरोबर आहे. हनफी कायद्यात बाप आणि बापाने नेमलेला वसी (मृत्युपत्राचा कारभारी) नसेल तर मुलांच्या मालमत्तेचा पालक आजोबाच. आई नाही. सांभाळ मात्र आईकडे, मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी वयात येईपर्यंत. तुमचा पुतण्या नऊचा, म्हणून उद्या कुणी त्याला ओढून आणायची भाषा केली तर सांगा, १८९० च्या पालक कायद्याखाली कोर्ट मुलाचं हित बघतं, सातचा आकडा घेऊन बसत नाही.

नीलमनगरची_बाई
मी शाळेत शिकवते आणि एका अनाथ मुलीची मावशी आहे, तेव्हा थोडं टोचेल असं लिहिते.

दहावी आयत सगळ्यांना पाठ असते. त्याच्या चार आयती आधीची वाचा, सहावी. त्यात कामाचं सगळं आहे. मुलं मोठी होतील म्हणून घाईघाईने माल उडवू नका. पालक सधन असेल तर त्याने हातच लावू नये, गरीब असेल तर रीतीपुरतं घ्यावं. मुलांना समज आली का ते पारखा, आणि माल त्यांच्या हवाली करताना साक्षीदार ठेवा. साक्षीदार! नातवाला पैसे देतानासुद्धा. "परका आहे का" याचं उत्तर तिथेच आहे.

मुलांचा पैसा धंद्यात लावायला बंदी नाही. पण मग नफा मुलांच्या खात्यात जायला हवा आणि हिशोब कागदावर हवा. इथे मागही तुमचे, नफाही तुमचा, आणि सूत महागलं की बुडणार ते मुलांचं.

आता टोचणारं. तुमच्या अब्बांच्या पश्चात या दोन मुलांना तुमच्या घरातून किती मिळेल, ठाऊक आहे? शून्य. मुलगा हयात असला की आधी वारलेल्या मुलाची मुलं वारसातून बाद. म्हणजे ती बाद होतात ती तुम्ही जिवंत आहात म्हणून. पाकिस्तानने १९६१ मध्ये कायदा करून त्यांना बापाचा वाटा दिला. इजिप्तने १९४६ मध्येच सक्तीच्या वसीयतीची वाट काढली. आपल्याकडे तसं काही नाही. पण मुलं वारस नाहीत म्हणूनच अब्बा त्यांच्या नावाने एक तृतीयांशापर्यंत वसीयत करू शकतात, किंवा हयातीतच हिबा (बक्षीस) देऊ शकतात. तुमच्या संमतीचीही गरज नाही. तरी ते तुम्ही सुचवलंत तर जास्त शोभेल.

निवृत्त_कारकून
बाईंनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. हिबा केलात तर पालक या नात्याने ताबा कुणाच्या हाती, तेही कागदावर लिहा. आणि मुलांच्या नावाने दोन वेगळ्या एफडी करा. मालमत्तेची पालक कायद्याने आई नसली तरी बँका आईला पालक म्हणून खातं उघडू देतात.

धोटा_सोलापूर
तुम्हा दोघांचे आभार. बाई, टोचलं. ते शून्य मला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

जुम्म्याच्या नमाजनंतर आकडे एका कागदावर लिहून अब्बांच्या पानाच्या डब्याखाली ठेवले. आयत म्हणून दाखवायची हिंमत झाली नाही. त्याऐवजी एवढंच बोललो, की हुजूरांचे, म्हणजे पैगंबरांचे, वालिद त्यांच्या जन्माआधीच गेले होते, आई सहाव्या वर्षी गेली, मग आजोबांनी सांभाळलं आणि आजोबांनंतर चुलत्यांनी. अब्बा काहीच बोलले नाहीत. रात्री माग बंद करताना विचारलं, "छोटीचे एक लाख तीस, बरोबर ना?" म्हटलं, हो. "तिचं आधी कर."

रॅपियरचा विषय अजून मिटलेला नाही. एका मागवाल्याला शब्द दिलाय त्यांनी, बयाणा किती ते सांगत नाहीत. मेहरचं भाबीला विचारायला उद्या कुंभारीला जातोय. सात महिन्यांत पहिल्यांदाच, हेही इथेच लिहून टाकतो. मुलीला काय न्यावं, कुणी सांगेल का? सहा वर्षांच्या मुली काय खेळतात, मला कळत नाही.

नीलमनगरची_बाई
रंगीत खडू. आणि दोघांनाही सारखंच न्या. भेटवस्तूत मुलांमध्ये डावं-उजवं करू नका, ही हदीसही आहेच.